नवी मेंढरं आणताय ना? मग पहिला महिना त्यांना घरच्या वाड्यात घेऊ नका

मे संपत आला, मृगाच्या आधी टेम्पो भरून मेंढरं आणायची घाई सगळ्यांनाच झालीय. कुणाला जत-आटपाडीकडचा माडग्याळ पाहिजे, कुणाला फलटणची जुळी देणारी नारी सुवर्णा, आणि थोडे शहाणे लोक अस्सल काळी, लोकरीची दख्खनी शोधायलेत. ती आता शोधावीच लागते, कारण लोकरीला भाव राहिला नाही आणि जो तो कळपात माडग्याळ नर सोडून बसलाय. आणा की, हौसेनं आणा. पण आणल्यावर ठेवणार कुठं, ते आधी सांगा.

दर पावसाळ्यात एकच गोष्ट बघतोय. टेम्पो संध्याकाळी येतो, नारळ फुटतो, फोटो निघतात आणि मेंढरं तशीच घरच्या कळपात सोडून देतात. आठवडाभरात नाक गळायला लागतं, डोळ्याला चिपडं, तोंड आतून सोललेलं, वरून हगवण, आणि बघता बघता घरची कोकरंसुद्धा आडवी. मग फोन येतो, पावसानं झालं का हो? पावसानं नाही झालं दादा, पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणू रोग, टेम्पोतून आलाय. पोटात रोग घेतलेलं मेंढरू खरेदीच्या दिवशी एकदम ठणठणीत दिसतं, लक्षणं साधारण चार-सहा दिवसांनी येतात. तोवर त्यानं तुमच्याच टाकीत तोंड घातलेलं असतं.

म्हणून २१ दिवस वेगळी, जमलं तर पूर्ण महिना. वेगळी म्हणजे त्याच शेडात मधे जाळी मारून नाही, धुऱ्याच्या पलीकडं. पाण्याचं टाकं वेगळं, चारा वेगळा, राखणारा माणूस वेगळा. दुसरा माणूस नसेल तर घरच्यांचं सगळं उरकून शेवटी नव्यांकडं जायचं आणि त्याच चपलांनी परत वाड्यात यायचं नाही. आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, तर नवी मेंढरं पूर्वेच्या अंगाला बांधावीत असा माझा आपला अंदाज, पुस्तकात आहे का नाही माहीत नाही पण फुकट आहे, करून बघा.

आणि एक, घरच्या कळपाला पीपीआरची लस नवी यायच्या आधी झाली पाहिजे. लस टोचली की लगेच ताकद येत नाही, दोन आठवडे तरी लागतात. विकणाऱ्यालाही सांगा, उचलायच्या १५ दिवस आधी टोचून घे. तो "सगळं लसीकरण झालंय" म्हणतो, तर कानातला १२ अंकी बिल्ला बघा आणि नोंद दाखव म्हणा.

बघायला जायचं तर पहाटे, वाडा उघडायच्या आधी. दुपारी गेलात तर मेंढरं रानात आणि तुम्ही चहात. पहाटे पाच मिनिटं वाड्यात गप उभं राहायचं आणि खोकला ऐकायचा. दोन-तीन ठिकाणाहून खोकला आला तर त्या वाड्यातलं एकही घेऊ नका, कितीही नाकाडं (बाकदार नाकाचं, देखणं) असो. मग खालची पापणी उलटून बघा, लालगुलाबी पाहिजे, पांढरट असेल तर जंतांनी रक्त पिलंय. खूर उचला, मधे वास येतो का बघा. दात बघा, दोन दाती म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची. सुवर्णा म्हणून विकत असेल तर जुळ्यांच्या जनुकाच्या तपासणीचा कागद मागा, "हिच्या आईला जुळं झालं होतं" हा काही कागद नव्हे. लांबचं नको असेल तर मराठवाड्यात शेळी-मेंढी महामंडळाची पडेगाव, मुखेड आणि तुळजापूरकडं तीर्थ इथं प्रक्षेत्रं आहेत, तिथं आधी विचारा.

बाकी नेहमीची कामं:
- प्रवास रात्री, टेम्पोत दाटी नको, व्यायला आलेली भरू नका
- आल्यावर आधी पाणी, वाळला चारा, दोन-तीन दिवस भरडा नाही
- पीपीआर: लस १ मिली कातडीखाली, तीन-चार महिन्यांच्या वरच्यांना, बर्फातून आणलेलीच
- आंत्रविषार (आतड्यात विष होऊन मेंढरू अचानक मरतं तो रोग): लस २.५ मिली कातडीखाली किंवा बाटलीवर असेल तेवढी, पावसाआधी. पहिल्यांदा असेल तर १४ ते २१ दिवसांनी दुसरा डोस
- जंत: फेनबेंडाझोल किलोला ५ मिलिग्रॅम, नुकत्याच गाभण गेलेल्यांना अल्बेंडाझोल नको
- खुरांसाठी झिंक सल्फेटचं १० टक्के पाणी
- पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत एकदम पोटभर नाही, आणि खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत तर अजिबात सोडू नका

आता दुकानदाराचं. तुम्ही मेंढरं आणली हे त्याला तुमच्या आधी कळतं. लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, वजनवाढीची पावडर, अशी पिशवी भरून देतो आणि त्या पैशात वेगळ्या वाड्याचे पत्रे आले असते. त्यातही एक गोष्ट नुसती फालतू नाही तर घातकी आहे, ती म्हणजे गायी-म्हशींचं खनिज मिश्रण. त्यात तांबं जास्त असतं, मेंढीला ते सोसत नाही, लिव्हरमधे साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन मेंढी बसते. "सगळ्या जनावरांना चालतं" म्हणाला तर पिशवी परत करा. मेंढ्यांसाठी लिहिलेलंच घ्या, नसेल मिळत तर नुसतं मीठ ठेवा.

एवढं करूनही वेगळ्या वाड्यात एखादं मेलं तर कातडं काढू नका, खाटकाला देऊ नका, कुत्र्यापुढं तर नकोच. १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरला फोन लावा, डॉक्टरला शवविच्छेदन करू द्या, मग चुना टाकून खोल पुरा. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला सांभाळून ठेवा, विमावाले आधी तोच मागतात.