लाकडी जमिनीवर जिन्याचा पहिला खांब पक्का कसा बसवायचा

जिन्याचा पहिला खांब, ज्याला धरून आपण वर चढायला वळतो, त्याच्यावर सगळ्या कठड्याचा भरवसा असतो. आणि हाच खांब बसवायची सगळ्यात वाईट पद्धत सगळीकडे सांगितली जाते: खांब फळीवर उभा करा, चार बाजूंनी एल अँगल लावा, स्क्रू मारा, खाली फेविकॉल भरा, झालं. कृपा करून हे करू नका. खांब 4 इंची आहे असं धरा. 36 इंच उंचीवर कोणी 25 किलोचा धक्का दिला तर तळाशी मागच्या कडेचे स्क्रू त्याच्या नऊपट जोराने उपटले जातात, म्हणजे सव्वादोनशे किलो, आणि ते सगळं पाऊण इंची फळीत अडकलेल्या दोन-तीन स्क्रूंवर. खालून खांबाच्या तोंडात उभा स्क्रू मारला तरी तेच, लाकडाच्या तोंडाकडून स्क्रू तंतूंच्या मधे शिरतो, त्याला धरायला काही मिळत नाही, चार महिन्यांत सैल.

आमच्या इंदूरमध्ये रामबाग, जुनी इंदूर इकडे अजून कडीपाटाची घरं आहेत, खाली सागाच्या कड्या, त्यावर फळ्या. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, तिथे बघितलं तरी कळतं की जुन्या लोकांनी खांब कधी फळीच्या भरवशावर सोडला नाही, खांब नेहमी कडीला किंवा तुळईला धरून. आपल्यालाही तेच करायचंय. त्यासाठी खालच्या खोलीतून कड्यांपर्यंत हात पोचायला हवा. खाली फॉल्स सीलिंग असेल तर तेवढा भाग उघडा, त्याला पर्याय नाही.

खांब करायला देतानाच खालच्या बाजूला जमिनीच्या जाडीएवढा आणि कडीच्या उंचीएवढा जास्त लांब घ्या, साधारण 8 इंच. हा भाग चौकोनी आणि रंधा मारलेला हवा, कारण तो कडीला सपाट टेकणार आहे. फळीत खांबाच्या मापाचं भोक पाडा, सगळीकडून 3 एमएम जास्त, नंतर पट्टीने झाकलं जातं. त्याआधी कडीत सगळीकडे स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा, विशेषतः भिंतीकडच्या टोकाला. पोकळ आवाज आला किंवा टोक आत गेलं तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय, तिथेच थांबा, आधी कडीचं काम. जुन्या वायरी कडीच्या बाजूने गेलेल्या असतात, मेन स्विच बंद करा.

मग खांब भोकातून खाली सोडून कडीच्या बाजूला टेकवा, दोन्ही बाजूंनी ओळंबा लावा आणि 12 एमएमचे दोन बोल्ट खांब आणि कडी दोन्हींतून आरपार घाला. एवढे लांब बोल्ट मिळाले नाहीत तर त्याच जाडीच्या फुल आट्यांच्या रॉडचे तुकडे चालतात, इथल्या सियागंज बाजारात कुठेही मिळेल. भोकं कडीच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून निदान दीड इंच सोडून, आणि दोन्ही एका उभ्या रेषेत नकोत, थोडी तिरपी, नाहीतर खांब त्याच रेषेत चिरतो. कडीला खाच बिलकुल पाडायची नाही, खालच्या अंगाला तर नाहीच. दोन्ही बाजूंना मोठे वायसर. ही झाली सोपी बाजू.

आता जिथे मी स्वतः दोन वर्षं अडकलो होतो ते सांगतो. आमच्याच घरातला खांब मी असा बसवला, बोल्ट इतके कसले की वायसर लाकडात रुतले, तरी खांब हलायचा. जिन्याकडे, म्हणजे कडीच्या लांबीच्या दिशेने ढकलला तर दगडासारखा, पण आडवा, खोलीकडे ढकलला की बोटभर जायचा. आई चढताना त्याच बाजूला वजन टाकून वळते, पुतण्या तर खांबाला धरून गोल फिरायचा, मला रोज धडकी भरायची. मी बोल्ट बदलले, फटीत पाचरी मारल्या, एक मिस्त्री बघून गेला आणि म्हणाला, लकडी है, थोड़ा तो हिलेगा. हे ऐकून घेऊ नका. लाकूड नीट बांधलं तर हलत नाही.

शेवटी एका रविवारी मी दादाला वर खांब ढकलायला लावलं आणि स्वतः खाली स्टुलावर चढून टॉर्च घेऊन कडीवर बोट ठेवलं. कडी आणि फळीच्या सांध्यात जुना चुना भरलेला होता, दर धक्क्याला त्या चुन्यात केसाएवढी फट उघडायची, मिटायची आणि चिमूटभर धूळ डोळ्यात पडायची. खांब आणि कडीमधला जोड तसूभरही हलत नव्हता, कडीच स्वतःभोवती फिरत होती. कडी वाकायला मजबूत असते पण तिला फिरण्यापासून अडवणारं काहीच नसतं, वरच्या फळीचे दोन खिळे सोडले तर. आणि आपण तिला तीन फुटाची दांडी जोडून दिलेली असते.

म्हणून आडवे ठोकळे. खांबाची कडी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्या, या तिघींना एकमेकींशी जखडायचं. ज्या गाळ्यात, म्हणजे दोन कड्यांमधल्या जागेत, खांब आहे तिथे खांबाच्या पुढे एक आणि मागे एक ठोकळा, खांबाला चिकटून, म्हणजे खांब चारही बाजूंनी पेटीत बसल्यासारखा होतो आणि वर कापलेल्या फळ्यांची टोकंही त्यांच्यावर टेकतात. पलीकडच्या गाळ्यात बोल्टांच्या अगदी जवळ, पण नटाला पाना लागेल इतकी जागा सोडून एक ठोकळा. उंची कडीएवढीच पूर्ण, जाडी निदान 2 इंच, लाकूड वाळलेलं. तंतू या कडीकडून त्या कडीकडे गेले पाहिजेत, हे फार महत्त्वाचं आहे, कारण लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही पण रुंदीत आखडतं, फळीतून उलटा तुकडा कापलात तर मे महिन्यात तो सैल झालाच म्हणून समजा.

माप घेताना घाई नको. जुन्या कड्या हाताने तासलेल्या असतात, वर 11 इंच अंतर असेल तर खाली पावणेअकरा, पुढे वेगळं मागे वेगळं. चारही कोपऱ्यांची मापं घेऊन तसाच तिरका कापा, 1 एमएम मोठा ठेवा आणि रंधा मारत मारत बसवा. लाकडी हातोड्याच्या साध्या ठोक्यांनी जायला हवा. हातोडा दणकून मारावा लागत असेल तर शेजारची कडी सरकते आणि वरच्या फळ्या उघडतात, काढा आणि परत रंधा मारा. सैल झाला तर नवा कापा, प्लायचे तुकडे किंवा पुठ्ठा भरून चालवू नका, ते दबतात. 6 इंची कडीच्या खालच्या कडेला 2 एमएम सैल राहिलं तर वर तीन फुटावर खांब 12 एमएम हलतो, एवढा हिशोब लक्षात ठेवला तरी पुरे.

ठोकळे बसले की त्यांच्या शेजारून तिन्ही कड्यांमधून एक 12 एमएमचा आट्यांचा रॉड आरपार घाला, भोकं 14 एमएमची पाडा म्हणजे ओळ थोडी चुकली तरी रॉड जातो, आणि दोन्ही बाहेरच्या टोकांना 2 इंची चौकोनी वायसर लावून नट कसा. कड्या ठोकळ्यांवर आवळल्या जातात आणि सगळं एकजीव होतं. माझ्या कड्या 15 इंचांवर होत्या, एक मीटरचा रॉड पुरला. नुसते तिरपे खिळे मारून ठोकळा अडकवणारे खूप आहेत, मी ते दोनदा उपटून परत केलंय.

खांबाचे नट शेवटी कसायचे, ओळंबा परत बघून. मग दादासारखा कोणी धट्टाकट्टा माणूस वर उभा करा, चारही दिशांना ढकलायला सांगा आणि स्वतः खाली प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून उभे राहा. बोटाला काही जाणवलं तर ते आत्ताच शोधा, कठडा लागल्यावर काही करता येत नाही.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगलेलं असतं, उन्हाळ्यात खांब आणि कडी दोन्ही आखडतात आणि बोल्ट ढिले पडतात. दिवाळीनंतर केलं तर बरं, तरी पुढच्या मे महिन्यात एकदा सगळे नट तपासा, अर्धा-पाऊण फेरा बसतोच. त्यासाठी खालचे नट कधी झाकून टाकू नका, झाकायचेच असतील तर स्क्रूने निघेल अशी फळी लावा.