दारात देवाच्या नावाने आलेल्यांना हसत निरोप कसा द्यावा

दुपारी दोनची वेळ. बेल वाजते. जाळीपलीकडे भगवी कफनी, कपाळभर भस्म, काखेत झोळी, आणि पहिलंच वाक्य येतं, "माई, माथे पे बहुत तेज है तेरे, लेकिन घर में पैसा टिकता नहीं." इथे बहुतेकांचं दोनपैकी एक होतं. कुणी अंगावर ओरडतं आणि मग संध्याकाळपर्यंत मनात किंतू राहतो. कुणी घाबरून पाचशे एक रुपये काढून देतं आणि मग स्वतःवरच चरफडत बसतं. हसून दिलेला नकार या दोन्हींतून सोडवतो. समोरच्याचा अपमान होत नाही, पैसे जात नाहीत आणि दार लावताना छातीत धडधडत नाही. मात्र तो आयत्या वेळी सुचत नाही. वाक्य आधी ठरवून दोन-चारदा मोठ्याने म्हणून ठेवावं लागतं.

आधी दार, मग विनोद

कडी लागलेली असेल तरच गंमत करता येते. बेल वाजली की पीपहोलमधून बघा, आतलं दार उघडा, जाळीच्या दरवाजाची कडी तशीच राहू द्या. जाळीपासून हातभर मागे उभं राहा आणि हात मागे बांधून ठेवा. पुढे केलेल्या हातावर अंगारा, रुद्राक्ष किंवा लाल दोरा येऊन पडतो. एकदा वस्तू हातात आली की ती परत करणं म्हणजे देवाचा अपमान ठरतो, आणि मग मोल सुरू होतं. आधी "श्रद्धेने काहीही द्या", मग एकवीस, मग पाचशे एक. जाळीचं दार नसेल तर साखळी बसवून घ्या. तिचे स्क्रू चौकटीच्या लाकडात किमान इंचभर आत गेले पाहिजेत. नुसत्या प्लायवर बसवलेली साखळी एका धक्क्यात निघते.

दाराजवळच्या कोनाड्यात एका डबीत दहाच्या पाच-सहा नोटा ठेवा. द्यायचं असेल तर त्यातूनच द्यायचं. पाकीट आणायला आत गेलात की दार आणि माणूस दोन्ही नजरेआड होतात, शिवाय कपाट कुठल्या खोलीत आहे तेही कळतं.

वाक्य कसं बांधायचं

नमस्कार, हसरा नकार, निरोप. एवढे तीनच तुकडे, आणि सगळं मिळून वीस-तीस सेकंद. सर्वांत जास्त फसतं ते शेवटच्या तुकड्यात. लोक चांगला विनोद करतात, पण तो प्रश्नाने संपवतात. प्रश्न म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. "घरात कोणीतरी आजारी आहे," असं महाराज म्हणाले आणि तुम्ही "आमचा फ्रीज आजारी आहे, त्याला काही उतारा आहे का?" असं विचारलंत, तर दहा मिनिटं गेली समजा. तेच असं म्हणा: "बरोबर ओळखलंत महाराज. आमचा फ्रीज आजारी आहे, त्याचा वैद्य आत्ता येईल. नमस्कार." आणि 'नमस्कार' म्हणतानाच दार लोटायला लागा. हात जोडलेले, चेहरा हसरा, दार हलतंय, हे तिन्ही एकदम दिसलं पाहिजे.

"उद्या या" आणि "आत्ता वेळ नाही" ही दोन वाक्यं कधीच वापरू नका. पहिलं वचन होतं, दुसरं ऐकून माणूस वेळ असेल तेव्हा परत येतो. "आजी गावाला गेली आहे, देवाधर्माचं तीच बघते," हेही टाळा. ऐकायला गंमतशीर आहे, पण घरात कोण नाही ते तुम्ही अनोळखी माणसाला सांगून टाकलंत. त्याऐवजी "देवाधर्माचं खातं आजीकडे आहे, आणि ती आतून सगळं ऐकतेय," हे चांगलं. एकटंच राहणाऱ्याने आत वळून "अहो, दारात आलेत हो कुणी," अशी हाक मारावी. घर रिकामं असलं तरी चालतं.

विनोद नेहमी स्वतःच्या घरावर, स्वतःच्या स्वयंपाकावर, आपल्याच विसराळूपणावर करायचा. समोरच्याच्या देवावर, ग्रंथावर, वेशावर किंवा जातीवर कधीच नाही. हा सभ्यतेचा भाग आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने जाणूनबुजून काढलेल्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे.

कोण आलंय ते ओळखा

सगळ्यांना एकच वाक्य चालत नाही. मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, सकाळची वेळ आणि "दान पावलं" म्हणजे वासुदेव. नंदीबैलवाले, गोंधळी, पहाटेचा पिंगळा, आसूड घेतलेला पोतराज हे सगळे पिढ्यानपिढ्या दारोदार फिरणारे लोक. त्यांच्याशी केलेला विनोद मायेचा असावा. "आधी गाणं, मग दान," एवढं म्हटलं तरी वासुदेव खुलतो. पसाभर तांदूळ किंवा डबीतली दहाची नोट पुरते. द्यायचं नसेल तर "आज माफ करा महाराज" एवढंच म्हणा. इथे वाक्य जितकं साधं तितकं बरं.

शनिवारी तेलाचा डबा आणि त्यात शनीची मूर्ती घेऊन येणाऱ्यांसाठी आपल्याकडची जुनी रीतच कामाला येते. "शनिवारी आमच्यात तेल विकत आणत नाहीत, आणि कालचं चकलीत संपलं. जय शनिदेव." रीत त्यालाही मान्य असते, त्यामुळे वाद उभाच राहत नाही.

पुस्तिका घेऊन दोघं-दोघं येणारे प्रचारक कुठल्याही धर्माचे असोत, बहुधा नम्र असतात आणि नम्रतेनेच परत जातात. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने त्यांना धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. तुम्हांला ऐकावंच लागेल असं मात्र त्यात कुठे नाही. "दादा, आमच्या देवघरात आधीच इतकी गर्दी आहे की रोज फुलं पुरवताना ओढाताण होते. तुमचा दिवस चांगला जावो." पुस्तिका घेऊ नका. घेतलीत तर "वाचली का?" विचारायला पुढच्या आठवड्यात येतील, आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. चुकून घेतलीच असेल तर त्यांच्यासमोर चुरगळू नका.

वर्गणीवाल्या मुलांशी भांडायचं तर मुळीच नाही, रोज त्याच गल्लीतून जायचं असतं. पावतीपुस्तक हातात घेऊन बघा. मंडळाचं नाव, छापील पावती क्रमांक आणि परवानगीचा उल्लेख हवा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. "पाचशे एक फाडू का काका?" असं विचारत पेन कागदावर टेकलेलंच असतं, तेव्हा पेन आपल्याकडे मागून घ्या: "आमचा आकडा एकशे एक. बाप्पाला माहीत आहे, तुम्हांलाही कळला. आण, मीच लिहितो, माझं अक्षर बरं आहे." आकडा स्वतः लिहिला की घासाघीस थांबते. आवाज चढला, दमदाटी झाली, तर ती वर्गणी राहत नाही, तिथे पोलिसांना ११२ वर फोन.

मनातलं ओळखणारे महाराज

यांच्यासाठी थोडा अभ्यास करावा लागतो, कारण हसू येण्याआधी भीती जावी लागते. दारात उभ्या माणसाला काय काय दिसतं ते एकदा बाहेर जाऊन बघा. पाटीवर आडनाव असतं. चपलांच्या स्टँडवरून माणसं मोजता येतात, लहान बूट असले तर मूल कळतं. कोपऱ्यातली काठी किंवा वॉकर म्हातारं माणूस सांगतो. वाळलेलं तोरण, बंद पडलेली सायकल, दारावर टांगलेला लिंबू-मिरची, सगळं बोलतं. उरलेलं तुम्ही स्वतः सांगता. "घर में एक चिंता है" असं म्हटलं की आपली मान आपोआप हलते. म्हणून मान हलवू नका, नाव, जन्मतारीख, मुलांची संख्या सांगू नका.

चिठ्ठीचाही असाच प्रकार. आधीच काहीतरी लिहिलेली घडी केलेली चिठ्ठी तुमच्या मुठीत देतात आणि एक फूल आणि एक ते पाचमधला आकडा विचारतात. गुलाब आणि तीन हे उत्तर फार वेळा येतं. नाही आलं तर हातचलाखीने चिठ्ठी बदलली जाते. फुलाचं नाव विचारलं की शांतपणे "कोबी" म्हणा आणि वर सांगा, "स्वयंपाक चालू आहे, आज तेच फूल डोक्यात आहे. नमस्कार महाराज." हळदीत चुना मिसळला की लाल होतो, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळाने आपोआप पेट घेतं. हे घरातल्या पोरांना माहीत असलं की पुढचे चमत्कार निम्मे होतात.

हसणं थांबवायचं कधी

पाय दारात अडकवला, दागिना मागितला, किंवा "उपाय नाही केलास तर घरात मरण होईल" असं म्हटलं, की विनोद बंद. "नको. दार लावतोय." बस्स. दागिना पुरचुंडीत बांधून "सात दिवस उघडू नका" सांगितलं जातं ते पुरचुंडी बदललेली असते म्हणून, आणि सात दिवस हे त्यांना लांब जायला हवे असतात. दिव्य शक्तीचा दावा करून फसवणं आणि धास्ती घालणं यावर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. शिव्याशाप ऐकून दार लावलंत तर ती गोष्ट घरात लगेच सगळ्यांना सांगा. मनात ठेवली की पुढच्या महिन्यात मिक्सर जळला तरी तो शाप वाटतो.

पाणी मागितलं तर नाही म्हणू नका, ऊन फार असतं. दोन्ही दारं लावून आत जा आणि भरलेली बाटली जाळीच्या फटीतून द्या. बाटली परत घेऊ नका.

आणि फोटो काढून "टोळी फिरतेय" म्हणून ग्रुपवर टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. दारातून हसत वाटेला लावलेला माणूस आपल्या एका मेसेजमुळे कुणाच्या हाती सापडेल ते सांगता येत नाही. सोसायटीत कळवायचंच असेल तर वॉचमनला सांगा, आणि ग्रुपवर एवढंच लिहा: "बी विंगमध्ये दुपारी दोन वाजता एक जण दक्षिणा मागत होते, नको म्हटल्यावर गेले."