पेटी येते, आता क्लासिकल पियानो शिकायचाय? मग हे वाचा

पेटी वाजवता येते म्हणजे पियानो काय चुटकीसरशी येईल असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरंय. काळी एक कुठली पांढरी चार कुठली हे माहीत असतं, कान तयार असतो, उजवा हात पळतो. पण डावा हात इतकी वर्षं नुसता भाता मारत बसलेला असतो, त्याला पाच बोटं आहेत हे पियानोसमोर बसल्यावर कळतं. शिवाय पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे, पट्टी कशीही दाबा. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर हातोडी तारेवर किती जोरात बसणार ते ठरतं, आणि एकदा बसली की सूर विरतच जाणार, मागाहून फुगवता येत नाही.

म्हणून वाद्य घेताना 88 पट्ट्या आणि हॅमर अ‍ॅक्शन (म्हणजे पट्टीला खऱ्या हातोडीसारखं वजन) एवढं बघाच. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर सुरुवात होईल, पण बोटाला वजन कळणार नाही आणि नंतर खरा पियानो समोर आला की सगळं अडखळतं. डिजिटल पियानो चालतो, फ्लॅटमध्ये तर तोच बरा, हेडफोन लावला की शेजारी खूश. बसल्यावर कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, जेवणाच्या टेबलावर पियानो ठेवून खांदे वर करून वाजवणारे खूप बघितलेत.

आता खरा मुद्दा. ज्याचा कान चांगला त्याचं नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचणं कच्चं राहतं. दोनदा ऐकलं की धून बोटात उतरते, मग कागदाकडे बघतो कोण? पुढच्या नव्या पीसला परत पहिल्यापासून. यावर माझ्या मते एकच इलाज, कधीही न ऐकलेल्या सोप्या सोप्या चार ओळी रोज वाचायच्या, कितीही हळू. आणि नोट्सखाली सारेगम लिहायचं नाही म्हणजे नाही! आपला सा गाणाऱ्याप्रमाणे सरकतो, कुणाची काळी एक कुणाची पांढरी चार, स्टाफवरचा, म्हणजे नोटेशनच्या पाच रेघांवरचा, सी हा सूर मात्र जिथल्या तिथेच राहतो, दोन्ही डोक्यात एकदम चालवायला गेलात तर भंजाळून जाल. ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या सुरांच्या पाच रेघा, बहुतेक उजव्या हाताच्या) खालून दुसरी रेघ जी, बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या, बहुतेक डाव्या हाताच्या) खालून चौथी रेघ एफ, दोघांच्या मधे मिडल सी (कीबोर्डच्या साधारण मधला सी), हे तीन पक्के करा आणि बाकीचे तिथून मोजा. स्क्रीनवर वरून रंगीत पट्ट्या पडतात त्या व्हिडिओंवर शिकू नका, त्यात डोळा वाचायला शिकतच नाही.

बोटांचे नंबर दोन्ही हातांत अंगठ्यापासून, अंगठा 1. सी मेजर स्केल (सी ते वरचा सी, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या) उजव्या हाताने 1-2-3, मग अंगठा खालून नेऊन 1-2-3-4-5. डाव्याने वर जाताना 5-4-3-2-1, मग मधलं बोट अंगठ्यावरून टाकून 3-2-1. पेटीवर जे बोट सापडेल ते टाकायची सवय असते, ती इथे फार नडते. मनगट किंवा हात दुखला तर थांबायचं, सहन करत वाजवायचं नाही, आणि महिन्यातून एकदा तरी एखाद्या टीचरला हात दाखवून या, स्वतःचं मनगट स्वतःला दिसत नाही हो.

पहिला पीस म्हणून जी मेजरमधला (जी हा सा धरलेला) तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या, मिन्युएट म्हणजे एक जुना युरोपियन नाच. जर्मन संगीतकार बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत आहे म्हणून बरीच वर्षं बाखचा समजायचे, पण तो ख्रिस्तियान पेट्झोल्डचा. नोटेशन आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं. तीन मात्रांचा बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) आहे, दोन बार धरले की सहा मात्रा, दादऱ्याचं एक आवर्तन, आणि मिन्युएट नाचाचं एक पाऊलही दोन बार मिळूनच पुरं होतं, त्यामुळे दोन-दोन बारचे तुकडे आपल्याला आपोआप जमतात. पहिल्या बारात डाव्या हाताला दोन मात्रांचा कॉर्ड (एकदम दाबलेले सूर) आणि मग एक मात्रा ए हा सूर, उजव्याला एक पूर्ण मात्रा आणि चार अर्ध्या. आधी डावा एकटा, तोंडाने मोजत. मग दोन्ही, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, आणि प्रत्येक तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर थांबवा, कारण अडखळायला होतं ते नेमकं बारच्या रेघेवर.

त्यानंतर बुर्गम्युलरचं ओपस 100, म्हणजे त्याचे सोपे पियानोचे पीस. बेथोवेनच्या फ्यूर एलिसची घाई नको, सुरुवात येते सगळ्यांना, मधला एफ मेजरचा भाग आला की माणूस गळपटतो.

परीक्षा द्यायची असेल तर एबीआरएसएम काय ट्रिनिटी काय (दोन्ही संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था), घरी शिकूनही देता येते. एबीआरएसएममध्ये चार पीस व्हिडिओवर वाजवून पाठवायचा प्रकारही आहे, पण पेटीवाल्यांनी साधी प्रॅक्टिकलच द्यावी असं मला वाटतं, तीन पीस, स्केल्स, कानाची परीक्षा आणि साइट रीडिंग (आधी न बघितलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं). कानाचे मार्क तुम्हाला मिळतीलच, साइट रीडिंगच्या धाकाने वाचनाला बसाल.