एलपीएनची पहिली ऑफर आली की लगेच "हो" म्हणू नका

अमेरिकेत एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) होण्यासाठीची एनसीएलईएक्स-पीएन ही परीक्षा पास होऊन लायसन्स हातात येतं, फोनवर ताशी दर सांगतात आणि नवी नर्स आनंदाच्या भरात तिथेच "हो" म्हणून मोकळी होते. तो दर बहुतेकदा थोडा वर सरकू शकतो.

१. फोन यायच्या आधीच अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या साइटवर आपल्या राज्याचा आणि शहराचा एलपीएन दर पाहून ठेवा. मे २०२३ मध्ये देशभराचा मध्यक दर ताशी २८.७२ डॉलर होता. नव्यांना कमीच मिळतं, पण आकडा माहीत असला की बोलताना आवाज डळमळत नाही. नर्सिंग होममध्ये सहसा डॉक्टरांच्या क्लिनिकपेक्षा जास्त देतात.

२. आधी सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सची मदतनीस) म्हणून काम केलं असेल तर सरळ म्हणा, "माझी सीएनएची दोन वर्षं धरून दर किती बसेल?" आणि गप्प राहा. ती चार-पाच सेकंदं फार लांब वाटतात; तरी आपण मध्ये बोलू नका.

३. मूळ दर हलत नसेल तर रात्रपाळीचा आणि वीकेंडचा जादा दर विचारा. आठवड्याला ३६ तास रात्रपाळी आणि तासाला २ डॉलर जास्त, म्हणजे वर्षाला ३,७४४ डॉलर!

युनियन असेल तर दर ठरलेलेच असतात. तिथे फक्त पगाराच्या श्रेणीत आपली पायरी बरोबर लावली आहे ना, ते तपासा.

साइन-ऑन बोनसची (रुजू होण्यासाठी मिळणाऱ्या जादा रकमेची) अट मात्र सही करण्याआधी नीट वाचा. मुदतीआधी नोकरी सोडली तर तो बऱ्याचदा परत करावा लागतो.