कमलाबाईंवर भाषण बसवायचंय? आधी कोंब आलेला बटाटा शोधा

फेब्रुवारी लागला की आमच्या दारात कुणी ना कुणी उभं असतंच. "बाई, विज्ञान दिनाचं भाषण लिहून द्या ना." ३४ वर्षं मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी हे काम काही सुटत नाही. पण मुलीला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर बोलायचं असेल तर मी आता भाषण लिहून देत नाही. तिला कांद्याबटाट्याच्या टोपलीच्या तळाशी राहिलेला, कोंब फुटलेला बटाटा आणायला सांगते. शिवाय टिंक्चर आयोडीनची बाटली, क जीवनसत्त्वाची एक गोळी आणि दोन वाट्या दूध.

पूर्वी मीही लिहून द्यायचे. जन्म १९११, इंदूर. मग शिक्षण, मग पदव्या, मग पुरस्कार. एका वर्षी आमचा एक मुलगा "त्यानंतर त्यांनी" इथं अडकला. तीनदा "त्यानंतर त्यांनी" म्हणाला आणि हॉल हसला. तो बिचारा खाली उतरला तेव्हा मला कळलं की चूक माझी होती. सगळी वाक्यं एकसारखी, तर पोरानं धरायचं काय?

म्हणून सुरुवात जन्मापासून करू नका, दारापासून करा. साल १९३३. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन पहिली आलेली कमला भागवत (सोहोनी हे लग्नानंतरचं आडनाव) बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करते. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही तिथंच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे आपणही तिथंच जायचं हे तिनं धरूनच चाललेलं. संचालक सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला. ती त्यांच्या कार्यालयापाशी जाऊन बसली, सरळ सत्याग्रह. शेवटी प्रवेश मिळाला तो तीन अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, पारखण्यापुरतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलग्यांचं लक्ष विचलित होऊ नये.

इथं मुलीला अटी बोटांवर मोजायला सांगा. एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाला थांबायचं आणि समोर बघायचं. काही बोलायचं नाही. पाच मिनिटांच्या भाषणात ही शांतता परवडते, मी घड्याळ लावून पाहिलंय.

आता अडचणीची गोष्ट. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण साजरा करतो तोच मुळी रामन परिणामाच्या शोधासाठी. टेबलावर त्यांचाच फोटो, त्याला हार. आमच्या एक सहकारी बाई म्हणायच्या, "तेवढा भाग गाळा, बरं दिसत नाही." मला पटत नाही. गाळू नका, आणि रामनना खलनायकही करू नका. दोन वाक्यं शेजारी ठेवा, विशेषणं न लावता: वर्षभर तिचं काम पाहिल्यावर रामननी तिला नियमित केलं आणि पुढे मुलींना प्रवेश देऊ लागले. आणि कमलाबाई म्हातारपणीही जाहीरपणे सांगत राहिल्या की तो अपमान त्या विसरल्या नाहीत. बस्स.

आवाज रडका नको, हे मी दहा वेळा बजावते. अटी ऐकून ती रडत बसली नाही, प्रयोगशाळेत गेली. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिनं दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. घेतली. वरण आणि दूध, म्हणजे आपलं रोजचं ताट! हा धागा मुलीला नीट पकडायला लावा, कारण बाईंच्या सगळ्या कामातून तो जातो.

मग केंब्रिज, आणि आता बटाटा हातात. प्रेक्षकांना कोंब दाखवायचे आणि विचारायचं, "माती नाही, पाणी नाही, तरी याला कोंब कुठल्या जोरावर फुटले?" बटाटा जिवंत आहे, साठवलेलं अन्न जाळून ऊर्जा काढतो. त्या कामात पेशीत इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसं रांगेनं बादल्या पुढे सरकवतात ना, तसे. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी, लोह असलेलं प्रथिन. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी ते वनस्पतींच्या पेशींतही असतं हे दाखवलं. पीएच.डी.चं काम १४ महिन्यांत उरकलं आणि प्रबंध अवघा ४० पानांचा. (दहा पानी निबंध म्हणजे हुशारी असं मानणाऱ्या पालकांकडे इथं बघायला हरकत नाही.)

"पहिली" हा शब्द जपून. १९३९ ची ही पीएच.डी. विज्ञानातली भारतीय स्त्रीची पहिली म्हणून सांगतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळाली होती. तेव्हा "भारतातली पहिली स्त्री शास्त्रज्ञ" असं ठोकून देऊ नका. परीक्षकांत माझ्यासारखी एखादी बसलेली असते.

दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा एका वाक्यात उरका. १९४७ मध्ये लग्न, मुंबई, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथं राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेवर काम झालं, तिच्यात लोह, अ आणि क जीवनसत्त्व सापडलं आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. दुर्गाबाई भागवत या थोरल्या बहीण, हे सांगावं, मोठ्यांचे कान टवकारतात. पण एकच ओळ. दुर्गाबाई एकदा आत शिरल्या की भाषण त्यांचंच होतं.

आता टेबलावरचं काम. कमलाबाई कन्झ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहकांच्या संस्थेच्या कामात होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. अन्नातली भेसळ हा त्यांचा हक्काचा विषय. तेव्हा शेवटाला दूध. घरीच दोन वाट्या तयार करा. एकीत नुसतं दूध, दुसरीत चिमूटभर तांदळाचं पीठ कालवलेलं. दोन्हींत पाणी घालून वेगवेगळं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. हे "पूर्ण" मी उगाच लिहीत नाही. एकदा घाईत कोमट होण्याआधीच थेंब टाकले, रंग धरेचना, आणि दोनशे पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. गरम असताना तो निळा रंग टिकत नाही. गार दुधात आयोडीनचे दोन-तीन थेंब: पिठाची वाटी निळी पडते, दुसरी पडत नाही. वाट्यांऐवजी पारदर्शक बाटल्या घेतल्या तर मागच्या रांगेलाही दिसतं. यातून फक्त पिठाची भेसळ कळते. पाणी घातलेलं दूध यात हसत हसत पास होतं, हेही मुलीनंच सांगायचं.

मग ती गोळी. आदल्या रात्री कागदात गुंडाळून लाटण्यानं बारीक करून ठेवा. पूड निळ्या दुधात टाकून ढवळली की रंग उतरत जातो. क जीवनसत्त्व आयोडीन खाऊन टाकतं, मग पिठाला रंग द्यायला काही उरत नाही. "नीरेत कमलाबाईंना सापडलं ते हेच जीवनसत्त्व" एवढं म्हणायचं आणि नमस्कार करून खाली उतरायचं.

दिल्लीत सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि १९९८ मध्ये गेल्या, हा प्रसंग शेवटी घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. मी घेऊ देत नाही. त्यानं लोक हळहळतात आणि दूध विसरतात.

दोन्ही बाटल्या लगेच मोरीत ओता, कुणीतरी हटकून चव बघतं. गोळीची थोडी पूड मात्र राखून ठेवा. गणवेशाच्या बाहीवर आयोडीन सांडलेलं असतंच. ओली करून चोळली की डाग जातो.