व्ही आणि डब्ल्यू: वहीत ‘व’ आणि ‘व्ह’ लिहून पाठ करताय? या चुका टाळा

‘व्हेरी वेल’ हे दोन शब्द आत्ता मोठ्याने म्हणा. पहिल्या शब्दाला वरचे दात खालच्या ओठाला लागले का? आणि दुसऱ्याला दात बाजूला राहून ओठ गोल झाले का? मी हे कितीतरी जणांना विचारलंय आणि बहुतेकांचं उत्तर एकच, ‘लक्षच नाही दिलं’. तिथेच सगळी गडबड आहे.

आपला मराठी ‘व’ मधला आहे. दात आणि ओठ जवळ येतात पण घासत नाहीत, आणि ओठ नीट गोलही होत नाहीत. मराठीत त्याने काही बिघडत नाही कारण आपल्याकडे तो एकच आवाज आहे. इंग्रजीत मात्र त्या जागी दोन वेगळे आवाज आहेत, आणि आपण दोन्हीकडे हा मधला ‘व’ टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ओला म्हणजे वेट म्हणायचंय की जनावरांचा डॉक्टर व्हेट, गाडीचा वायपर की विषारी साप व्हायपर, हे अंदाजाने ठरवावं लागतं. वाक्य लांब असेल तर संदर्भाने कळतं, पण एखादं नाव, एखादा पत्ता, फोनवर एका शब्दात दिलेलं उत्तर, इथे संदर्भ कुठून आणणार? मराठी ढंग राहू द्या, मला त्याचा काही त्रास नाही. शब्दच बदलला तर त्रास आहे.

वहीत देवनागरीत लिहून पाठ करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

आपण मराठीत व्हिडिओ, व्हॅन, व्होल्टेज असं लिहितो. व्ही दाखवायला ‘व्ह’, ही आपली सोय. वाचायला ठीक आहे. पण व्हाईट, व्हील, व्हॉट्सॲप हेसुद्धा आपण ‘व्ह’नेच लिहितो, आणि तिथे इंग्रजीत आवाज आहे डब्ल्यूचा! स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या पुढे एच दिसला म्हणून आपण ‘ह’ जोडला आणि दोन पूर्ण वेगळे आवाज एकाच अक्षरात कोंबले. त्यात तिसरी भानगड अशी की ‘व्ह’ हा आपला स्वतःचा आवाज पण आहे, केव्हा, तेव्हा, नव्हे, व्हावं यातला, ज्यात ‘ह’चा श्वास मिसळलेला असतो. इंग्रजी व्हीमध्ये तो ‘ह’ नसतोच.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, अतिशय मेहनती, परदेशातल्या टीमबरोबर रोज कॉल असायचे. त्याने स्वतःच एक वही केली होती. दोनशेच्या वर शब्द, सगळे देवनागरीत, ‘व’ची पानं वेगळी, ‘व्ह’ची पानं वेगळी, आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचा. दोन महिने हे केल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, आता तर लोक जास्तच वेळा ‘परत सांगा’ म्हणतात. मी त्याला बोलायला लावलं. व्हिडिओ, व्हिजिट हे शब्द तो ‘केव्हा’तल्या ‘व्ह’सारखे श्वास टाकून म्हणत होता, म्हणजे दात ओठाला लागतच नव्हते, नुसती हवा. आणि व्हाय, व्हेन, व्हाईल हे शब्द वहीत ‘व्ह’च्या पानावर होते म्हणून तिथे तो अगदी आठवणीने दात लावत होता! आधी त्याचा मधला ‘व’ निदान अंदाजाने तरी समजत होता, आता ‘व्हाईल’ म्हणजे ‘जोपर्यंत’ म्हटलं की समोरच्याला ‘व्हाईल’ म्हणजे ‘किळसवाणं’ ऐकू जायचं. बघा, मला इथे लिहून दाखवतानासुद्धा दोन्ही शब्द सारखेच लिहावे लागतायत. यावरून समजा की देवनागरी इथे का कामाची नाही.

ते मोडायला महिन्याहून जास्त गेला. वही बंद केली, शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि हातात पेन्सिल. व्हीचा आवाज असेल तिथे अक्षराखाली आडवी रेघ, म्हणजे दात. डब्ल्यूचा आवाज असेल तिथे अक्षरावर छोटा गोल, म्हणजे गोल ओठ. मी स्वतः अजूनही काही मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर हीच खूण करते.

डब्ल्यूएचचं म्हणाल तर आज बहुतेक इंग्रजी बोलणारे तिथे साधा डब्ल्यूच म्हणतात. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडच्या काही भागात आधी ‘ह’ची फुंकर ऐकू येते, पण ती घालायची म्हणून तुम्ही जिवाचा आटापिटा करू नका. दात लावू नका, एवढं पुरे.

ओठ चावणं

कुठेतरी ऐकलेलं असतं की व्हीसाठी ओठ दाताखाली घ्या. मग लोक अख्खा खालचा ओठ आत ओढून दाताखाली दाबतात, आवाज अडकतो, मग सुटताना ‘ब’ किंवा ‘भ’सारखा फुटतो, आणि व्होट म्हणजे मत ऐवजी बोट म्हणजे होडी ऐकू येते. दात ओठावर टेकवायचे, रोवायचे नाहीत. ओठाची आतली ओली कड असते ना, तिथे वरच्या दातांची धार हलकीच लागू द्या आणि फटीतून हवा जाऊ द्या. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर एकतर दाब जास्त आहे किंवा दात लागलेलेच नाहीत.

फ पासून सुरुवात, पण कुठला फ?

व्ही शिकवायचा सोपा रस्ता म्हणजे ‘फॅन’ म्हणा आणि तोंड तसंच ठेवून गळ्यातून आवाज सुरू करा, ‘व्हॅन’ होतं. फेरी-व्हेरी, फास्ट-व्हास्ट, फाईन-व्हाईन, सगळ्या जोड्या अशाच. गळ्यावर दोन बोटं ठेवली की फॅनच्या सुरुवातीला थरथर नाही आणि व्हॅनच्या सुरुवातीला आहे हे लगेच कळतं. पण तुमचा ‘फ’ जर ‘फळ’ किंवा ‘फूल’मधला जुना, दोन्ही ओठ मिटून सोडलेला ‘फ’ असेल तर त्यात आवाज घातल्यावर ‘भ’च येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. मग व्ही येत नाही म्हणून लोक महिनोन्महिने रडत बसतात आणि खरा बिघाड ‘फ’मध्ये असतो. आधी आरशात बघा, ‘फॅन’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात का. मिटत असतील तर आठवडाभर फक्त दात टेकवून ‘फ्फ्फ’ करा, व्हीला हातही लावू नका.

बरोबर आलाय का हे तपासायला माझी एकच परीक्षा, लांबवून बघा. खरा व्ही पाच सेकंद सलग धरता येतो आणि तो भुंग्यासारखा घुमतो. मराठी ‘व’ लांबवायला गेलात तर घुमणं येत नाही, नुसता हुंकार राहतो. आणि डब्ल्यू धरून ठेवला तर त्याचा सरळ ‘ऊ’ होतो, तो तसा झालाच पाहिजे.

डब्ल्यूला दात लावणं

याचं नावच ‘डबल यू’ आहे, कारण जुन्या काळी या आवाजासाठी दोन यू शेजारी शेजारी लिहायचे. मला शिकवताना याचा फार उपयोग होतो. ओठांचा चंबू करा, ‘ऊ’ची तयारी करा आणि पटकन पुढच्या स्वरावर उडी मारा. ‘वी’ म्हणजे आम्ही, हा शब्द ‘ऊ-ई’, ‘ऊ-ई’, मग भराभर ‘उई’. वेस्टला ‘ऊ-एस्ट’. सुरुवातीला हे इंग्रजी वाटतच नाही, रडणाऱ्या बाळाच्या ‘उआं उआं’सारखं वाटतं, आणि तोंडाची हालचाल अगदी तीच आहे. ‘ग्वाही’ किंवा ‘स्वामी’ पटकन म्हणून आरशात बघा, बऱ्याच जणांचे ओठ तिथे आपसूक गोल होतात. तुमचे होत असतील तर डब्ल्यू तुमच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणायचाय.

वुड, वूल, वुमन हे शेवटी घ्या. पुढे परत ‘उ’च असल्यामुळे लोक डब्ल्यू गिळतात आणि ‘ऊल’, ‘उमन’ म्हणतात. तिथे सुरुवातीचा चंबू नेहमीपेक्षा घट्ट हवा, म्हणजे सोडल्याचं कळतं.

सगळीकडे गोल ओठ

डब्ल्यू जमला की दुसऱ्याच आठवड्यात हा आजार येतो. नवीन आवाज मिळाल्याचा आनंद इतका की व्हिडिओ, व्हेरी, सर्व्हिस सगळ्याला चंबू! एक बाई माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला आल्या होत्या, डब्ल्यू तीन दिवसांत सुंदर जमला आणि मुलाखतीला जेमतेम आठवडा होता, म्हणून त्यांनी घरी दिवसाला दोन दोन तास फक्त डब्ल्यूच घोटला. मी सांगितलं होतं की दोन्ही आवाज जोडीनेच करा, पण घाई. मुलाखतीत सर्व्हिस म्हणजे सेवा, इन्व्हेस्टमेंट म्हणजे गुंतवणूक, अशा सगळ्या शब्दांमधल्या व्हीला गोल ओठ झाले, त्यांना स्वतःला ते ऐकू येत होतं आणि बोलता बोलता थांबवता येत नव्हतं. बाहेर येऊन मला फोन केला तेव्हा आवाजात रडू होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण मेहनत कमी नव्हती, एकांगी होती. तेव्हापासून मी कोणालाही एक आवाज एकटा घरी नेऊ देत नाही. वेट-व्हेट, वर्स-व्हर्स, वेंट-व्हेंट, जोडी म्हणजे जोडी. दिवसातून दोनदा सात-आठ मिनिटं, आरशासमोर, चारच जोड्या. दोन तास बसून ओठ थकतात आणि थकलेले ओठ परत जुन्या सवयीवर जातात.

कान तयार नसताना तोंड चालवणं

मराठीच्या कानाला हे दोन आवाज एकच वाटतात, यात कमीपणा नाही, इंग्रजी माणसालाही आपला ‘त’ आणि ‘ट’ सुरुवातीला सारखाच वाटतो. पण जे ऐकू येत नाही ते दुरुस्त कसं करणार? ज्याला फरक नीट जमतो अशा कोणालातरी तोंडासमोर कागद धरून वेट आणि व्हेट उलटसुलट दहा वेळा म्हणायला सांगा, तुम्ही फक्त कुठला ते ओळखा. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत मी तोंडाच्या सरावाला सुरुवातच करू देत नाही. लोक कंटाळतात, कंटाळू देत.

शेवटचा व्ही सोडून देणं

गाव, नाव, भाव म्हणताना शेवटचा ‘व’ जवळजवळ ‘उ’ होतो, ‘गाउ’, ‘नाउ’. तीच सवय इंग्रजीत जाते आणि फाईव्हचं ‘फाइउ’, हॅवचं ‘हॅउ’ होतं. शब्द संपेपर्यंत दात ओठावरून उचलू नका. सेव्ह आणि सेफ, लीव्ह आणि लीफ या जोड्यांमध्ये अजून एक गोष्ट आहे, व्हीच्या आधीचा स्वर जास्त लांब असतो. शेवटचा व्ही थोडा हलका झाला तरी लांब स्वरावरून ऐकणाऱ्याला कळतं.

बाकीच्या, भराभर

‘ऑफ’ हे ओ एफ असं लिहिलेलं असेल तर त्यात एफचा आवाज नाही, व्हीचा आहे. दोन एफ असतील तरच ‘फ’.

राईट म्हणजे लिहिणं, राँग, आन्सर, सोर्ड म्हणजे तलवार, टू म्हणजे दोन, हू, होल म्हणजे अख्खं, यांत डब्ल्यू लिहिलाय पण म्हणायचा नाही.

वन आणि वन्समध्ये डब्ल्यू लिहिलेला नाही पण म्हणायचा आहे. क्विक, क्वेश्चन, लँग्वेजमध्येही गोल ओठच, दात नाहीत.

फोनवर स्पेलिंग सांगताना नुसतं ‘व्ही’ म्हणू नका, ‘बी’ ऐकू जातं. व्ही फॉर व्हिक्टर म्हणा, डब्ल्यूला व्हिस्की.

जीभ वळवणारी अवघड वाक्यं पहिल्या आठवड्यात नको. वेग वाढला की चुकीचाच आवाज पक्का होतो.

ॲपने हिरवी खूण दिली म्हणजे झालं असं समजणं

फोनला बोलून लिहायला लावलं आणि त्याने ‘व्हेरी वेल’ बरोबर लिहिलं, की लोक खूश. अहो, तो फोन आधीच्या आणि पुढच्या शब्दांवरून काय असू शकेल याचा अंदाज करतो, तुम्ही मधला ‘व’ म्हटलात तरी तो बरोबरच लिहिणार. आणि ‘सात दिवसांत ॲक्सेंट’वाल्यांबद्दल तर मी काय बोलू, ओठांची वीस-तीस वर्षांची सवय सात दिवसांत जात नाही. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि तेच ऐकू येतं.

आता पेन्सिल घ्या आणि हे वाक्य इंग्रजी स्पेलिंगमध्ये कागदावर लिहा: वन ऑव्ह देम रोट अ व्हेरी क्विक आन्सर. वनवर गोल, ऑव्हला रेघ, रोटला काहीच नाही, व्हेरीला रेघ, क्विकच्या यूवर गोल, आन्सरला काहीच नाही. आरशात बघत सावकाश म्हणा. रेघेला दात दिसले पाहिजेत आणि गोलाला दात झाकलेले.