तैलचित्र, फ्रेस्को, अमूर्त: नावं घेताना या चुका टाळा

आजीच्या देवघरावरची रविवर्म्याची लक्ष्मी ‘ओरिजिनल ऑइल पेंटिंग’ आहे, असं अनेक घरांत सांगतात. बहुतेक वेळा तो ओलिओग्राफ असतो, म्हणजे दगडावर आकृती काढून कागदावर छापलेलं चित्र. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड लागायचा. वरून व्हार्निश दिलं की तेलरंगासारखी झाक यायची, आणि तिथेच आपण फसतो.

भिंग घेऊन चेहरा आणि साडीचे काठ बघा. ब्रशचे फराटे, रंगाचा जाड-पातळ थर दिसला तर ते हाताने रंगवलेलं. कणीदार, विस्कळीत ठिपके दिसले तर दगडी छपाई. ठिपके रांगेत शिस्तीत बसले असतील तर मात्र ती बरीच अलीकडची ऑफसेट प्रत. ओलिओग्राफ निघाला म्हणून हिरमुसू नका. सामान्य माणसाच्या भिंतीवर चित्रकला पोचली ती याच कागदांमुळे. पण तो कागद आहे, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. नवी फ्रेम करताना खालची छापखान्याच्या नावाची पट्टी कापू देऊ नका. कुणी हौसेने जरीचे धागे, टिकल्या लावल्या असतील तर त्याही राहू द्या, तो चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे.

दुसरी चूक अजिंठ्याची. तिथल्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात. खरा फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवतात. चुना हवेशी संयोग पावून घट्ट होताना रंग त्यातच अडकतो. मायकेलअँजेलोने सिस्टाईन चॅपेलचं छत (१५०८–१५१२) असंच रंगवलं. अजिंठ्यात मातीचा गिलावा आहे, त्यात भुसा-गवत मिसळलेलं, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग वाळलेल्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकात कालवून लावलेले. त्यामुळे ओल आणि कीड यांचा धोका मोठा. ‘भित्तिचित्र’ म्हणा, ते दोन्हींना चालतं.

आणि चित्र समजलं नाही की ‘अमूर्त’, म्हणजे ओळखीची वस्तू नसलेलं, म्हणून मोकळं होऊ नका. पिकासोच्या ‘गेर्निका’त (१९३७) घोडा, बैल, मूल घेतलेली आई स्पष्ट दिसतात, आकार मोडलेत, नाहीसे झालेले नाहीत. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या पुढच्या काळातल्या कॅनव्हासवर मात्र ओळखीची वस्तू नसते. तिथे डोंगर-समुद्र शोधत बसण्यापेक्षा रोलर आणि नाइफने (रंग लावायच्या पात्याने) चढवलेले, खरवडलेले रंगाचे थर बघा.